जुन्या दाराचा रांगडा होम बार: दार हाताशी आहे, अक्कल हवी आहे

पाचर

मंडळी, एक जुनं दार हाती लागलं आहे. सागवानी, सहा पॅनेलचं, सात फूट बाय तीन फूट, जाडी दीड इंच. एक घर पाडत होते तिथून आणलं. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सरपणात गेलं असतं. सोबत चार वासे आणि पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) मोडून काढलेल्या दहा-बारा फळ्या आहेत.

दाराला मागच्या बाजूने मोठी लोखंडी कडी आहे. ती वर्षानुवर्षं फिरून फिरून लाकडावर अर्धगोल ओरखडा पडला आहे. बोट फिरवलं तर चांगलं खोलगट लागतं. खरं सांगायचं तर त्या ओरखड्यासाठीच मी हे धूड उचलून आणलं.

आता बेत असा: दार आडवं टाकायचं, खाली वाशांचे पाय, झाला बारचा ओटा. पुढच्या बाजूला पॅलेटच्या फळ्या. चकचकीत काही नको, रांगडंच दिसायला हवं. घरून एकच अट आहे, 'भंगाराचं दुकान वाटता कामा नये.'

प्रश्न:
दाराला फ्रेंच पॉलिश करावं असं मनात आहे. जुन्या लाकडावर लाखेसारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही असं ऐकतो. कोणी केलं आहे का?
उंची किती ठेवू?
पॅलेटच्या फळ्या घरात वापराव्यात का?

हाताशी करवत, रंधा, ड्रिल आणि पुष्कळ उत्साह आहे.

तिरपागडा

पहिला!
फोटो टाका. तोवर दार 'होतं' असं धरून चालतो.

कोरडाठाक

मी पीत नाही, पण दुसऱ्यांच्या बारमध्ये सल्ले द्यायला मला आवडतं. दार उघडं राहिलं तर चोर येतो, आडवं पाडलं तर मित्र येतात. फरक फारसा नाही, दोघंही काहीतरी संपवूनच जातात.

भुशाचा_ढीग

पाचर, फ्रेंच पॉलिशचा विचार आधी डोक्यातून काढा. बाकी सगळं नंतर बोलू.

फ्रेंच पॉलिश म्हणजे काय? लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख, तिच्या पातळ चपट्या, त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. आता हेच उलटं करून बघा. त्या लाखेवर परत स्पिरिट सांडलं तर काय होईल? लाख पुन्हा विरघळणार. आणि बारच्या ओट्यावर तुम्ही दुसरं काय सांडणार आहात?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या ओट्याला मी हौसेने बावीस थर चढवले होते. आरशासारखा दिसायचा. पहिल्याच बैठकीत कोणाच्या तरी ग्लासच्या बुडाला दोन थेंब होते. सकाळी ग्लास उचलायला गेलो तर ग्लास ओट्यासकट उचलतोय असं वाटलं. चिकटला होता. ओढून काढला तेव्हा खाली पांढरं वर्तुळ, आणि ग्लासच्या बुडाला माझी आठवड्याची मेहनत.

लाख सुंदर आहे यात वाद नाही. मागच्या कपाटाला लावा, आरशाच्या चौकटीला लावा. ओट्याला नको. ओट्याला मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. चकाकी नको असेल तर मॅटमध्येही अगदी मेलेली चमक मिळते, दोन फुटांवरून कळतही नाही.

दुसरं: रंधा मारण्याआधी लोहचुंबक घेऊन दार इंच इंच तपासा. जुन्या लाकडात डोकं तुटलेले खिळे बसलेले असतात, वरून दिसत नाहीत. लाकडावर काळसर डाग आणि मध्ये टाचणीएवढा ठिपका दिसला की समजायचं, खाली लोखंड आहे. एक खिळा रंध्याच्या पात्याचा दात पाडतो. मशीनवर घातलं तर पात्याबरोबर डोळाही जाऊ शकतो, तेव्हा चष्मा घाला.

मोजूनमापून

उंचीचं मी सांगते, कारण इथेच लोक आधी करतात आणि मग मोजतात.

बारच्या ओट्याची रूढ उंची ४२ इंच. माणूस उभा राहून कोपर टेकवतो ती उंची. स्टूलची बैठक त्यापेक्षा १० ते १२ इंच खाली, म्हणजे साधारण ३० इंच. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची ३६ इंच असते, तिच्या जोडीची बुटकी स्टुलं इथे आणलीत तर पाहुण्यांची फक्त डोकी दिसतील. पाय टेकायला नळी हवीच, जमिनीपासून ७ ते ९ इंचांवर. ती नसेल तर अर्ध्या तासात लोकांचे पाय लोंबकळून दुखायला लागतात. गुडघ्यांसाठी ओटा पुढे ८ ते १० इंच बाहेर काढा. माणशी रुंदी २४ इंच.

आता तुमचं दार. आडवं टाकलंत तर ओटा ३६ इंच खोल होतो. इतका खोल ओटा कशाला? पलीकडच्याला ग्लास द्यायला झोपावं लागेल. शिवाय पॅनेलचं दार आहे, मध्ये खोलगट आणि कडेला उंच. ग्लास त्या कंगोऱ्यावर ठेवला की कलंडलाच.

त्यापेक्षा दार पुढच्या बाजूला उभं लावा. उभं म्हणजे लांबी आडवी ठेवून. मग बघा: खाली ४ इंचांची बैठक, त्यावर दाराची रुंदी ३६ इंच, वर २ इंचांची फळी. बेरीज ४२. जणू ते दार बारसाठीच केलेलं होतं.

पाचर

मोजूनमापून, ही बेरीज बघून मी अक्षरशः टेप घेऊन पळत गेलो. दार साडेपस्तीस इंच भरलं, बैठक अर्धा इंच वाढवेन. पण मग ओरखडा पुढे दिसणार, ही तर चैनच झाली.

काका (भुशाचा_ढीग), बावीस थरांबद्दल मनापासून सहानुभूती. ओट्याला आता वासे चिरून फळ्या कराव्या लागतील.

अबोली_२

कोणीतरी आता 'पॅनेलमध्ये इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारी राळ) ओता, काचेसारखं सपाट होईल' म्हणणार, त्याच्या आधीच मी येते.

मी ओतलं आहे. माझंही दारच होतं. खोली साधारण एक इंच. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की एका वेळी एक सूत जाडीचाच थर द्या. मी म्हटलं, कोण आठ वेळा ओतत बसणार? मोठी बादली घेतली, राळ आणि हार्डनर सगळं एकदम ढवळलं. ही दोन्ही एकत्र आली की आपोआप उष्णता सुटते. पसरट थरात ती निघून जाते, बादलीत साठलेल्या गोळ्यात जात नाही. मी कडेचे बुडबुडे बघत बसले होते तेवढ्यात बादलीतून धूर यायला लागला. उचलायला गेले तर बादलीचा तळ मऊ. तशीच लाथेने अंगणात ढकलली.

दारात जे ओतलं होतं ते रात्रीत पिवळं पडलं, मधोमध चीर गेली. वरून जुन्या लाकडाच्या भोकांतून हवा येत राहिली ती वेगळीच, सगळा ओटा सोड्याच्या ग्लाससारखा. नंतर कळलं की आधी ब्रशने एक पातळ थर देऊन लाकडाची तोंडं बुजवायची असतात, तो वाळला की मग ओतायचं. बुडबुड्यांवर ज्योत फिरवायची तीही झरझर, एका जागी थांबलात तर जळतं.

चीर पडलेला ओटा अजून आहे. त्यावर कुंड्या ठेवते.

तिरपागडा

धागा बार बांधण्याचा आहे की बॉम्ब?

प्रयोगवही

तिरपागडा, हसू नका, खरा बॉम्ब अजून यायचाय.

जुना रंग: दाराला रंगाचे जुने थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातून शिसं १९७८ साली बंद झालं, कित्येक ठिकाणी त्याच्याही बऱ्याच नंतर. असा रंग कोरडा घासायचा नाही. धूळ उडते, घरभर बसते, आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, नाकावर चांगला मास्क, साधा फडका नाही. हीट गन वापरायची तर कमी तापमानावर, नाहीतर शिशाची वाफ.

पॅलेट: लाकडावर छाप शोधा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, त्याशेजारी देशाचा कोड आणि पुढे दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं. किडी मरण्यापुरतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. आणि छाप चांगला असला तरी त्यावर काय काय सांडलं होतं ते छाप सांगत नाही. तेलकट डाग किंवा विचित्र वास असेल तर सोडून द्या.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी सुचवले तर नको म्हणा. त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, मुरलेलं असतं. दिसायला रांगडे आहेत खरे, पण गरम दिवसात डांबरासारखे घाम फोडतात आणि ते अंगाला लागणं चांगलं नाही.

आता बॉम्ब. जवसाचं किंवा तत्सम वाळणारं तेल लाकडाला लावलंत, की तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि त्यात गरम होतं. बोळ्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि काही तासांनी ढीग आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. बोळे एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

कोरडाठाक

म्हणजे मी पीत नाही हेच बरं. इथे प्यायच्या आधीच डोकं गरगरतंय.

एक_सूत

घरात तीन पिढ्या सुतारकाम. मी मात्र खुर्चीत बसून कीबोर्ड बडवतो, त्यामुळे माझं ज्ञान ऐकीव आणि मार खाऊन मिळालेलं.

अबोली, तुमच्या डब्यावर 'सूत' लिहिलेलं बघून ऊर भरून आला. (नसेलच लिहिलेलं, पण तुम्ही बरोबर भाषांतर केलंत. आठ सूत म्हणजे एक इंच, एक इंचाला आठ वेळा हे गणितही बरोबर.)

मुद्दा वेगळा. पाचर, तुम्ही वासे चिरून फळ्या जोडणार. लाकूड कितीही जुनं असलं तरी हलतं. लांबीला नाही, रुंदीला. दमट दिवसात फुगतं, कोरड्यात आकसतं. वीस इंच रुंद ओट्यात एक-दोन सूत सहज. माझ्या एका भावाने ओटा चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळला होता. कोरड्या महिन्यात मध्यरात्री 'फाट्' असा आवाज आला, घरातले उठून बसले. सकाळी बघतात तर ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत उलला होता. खालून स्क्रू मारताना पुढच्या बाजूची भोकं नेमकी ठेवा, मागच्या बाजूची आडवी लांबट करा, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहील.

आणि चिरण्यापूर्वी वासे निदान दोन-तीन आठवडे त्याच खोलीत आणून ठेवा. मध्ये मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे. वासा बाहेरून खडखडीत वाटतो, आत ओल धरून बसलेला असतो.

कीड: वासे कोऱ्या कागदावर उभे करून आपटा. टाचणीएवढ्या भोकांतून मैद्यासारखं पीठ पडलं तर भुंगा जिवंत आहे. नुसती भोकं असतील आणि पीठ पडत नसेल तर बहुधा गेलेला आहे. तरी बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्याचे दोन हात मारा, पॉलिशच्या आधी. पॉलिशनंतर मारलंत तर आत जाणारच नाही.

एका गोष्टीत मात्र भुशाचा_ढीग यांच्याशी मतभेद. पीयू म्हणजे लाकडाला रेनकोट. चरा पडला की त्या जागेपुरता दुरुस्त होत नाही, सगळा ओटा घासा आणि परत सुरू. तेल आणि मेण लावलंत तर डाग पडेल, पण पाच मिनिटांत घासून तेवढ्यावर परत तेल फिरवता येतं. रांगड्या बारला डाग पडलेच पाहिजेत. ज्याला डाग नको त्याने सनमायका लावावा.

भुशाचा_ढीग

एक_सूत, तुमच्या घराण्याला नमस्कार, पण तुम्ही ओटा वापरताय की सांभाळताय? तेल-मेणाच्या ओट्यावर रात्री बर्फाची बादली राहिली की सकाळी पांढरं वर्तुळ. मेण स्पिरिटसमोर टिकत नाही, दोन थेंबांत निघून जातं. दर आठवड्याला पाहुणे गेल्यावर घासत बसायचं असेल तर खुशाल लावा. सागवान असेल तर निदान स्वतःचं तेल असतं त्यात. पण पाचर यांचे वासे कशाचे आहेत ते त्यांनी सांगितलेलंच नाही.

एक_सूत

सागवानाचं स्वतःचं तेल म्हणताय, मग तेच पीयूला धरू देत नाही हेही सांगा ना! आधी थिनरने पुसल्याशिवाय पीयू सोलून निघतं.

भुशाचा_ढीग

पुसा मग. पुसायला काय जातं?

तिरपागडा

मी पॉपकॉर्न घेऊन ओट्याशी बसलो आहे. ओटा नाही, पण बसलो आहे.

निद्रानाश

वाद चालू द्या, मी थोडं पिंपाबद्दल लिहितो, कारण 'रांगडा बार' म्हटलं की पुढच्या पानावर कोणीतरी पिंप आणणारच.

व्हिस्कीची पिंपं बाजारात एवढी का येतात? बर्बनसाठी अमेरिकेच्या कायद्यानुसार दरवेळी ओकचं नवं, आतून जाळलेलं भांडं लागतं. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. मग ती पिंपं स्कॉच मुरवायला स्कॉटलंडला जातात, रमला जातात, आणि शेवटी कोणाच्या तरी दिवाणखान्यात टेबल होतात. साधारण २०० लिटरचं पिंप, उंची तीन फुटांच्या आसपास.

मी एक आणलं आणि हौसेने उन्हात वाळवलं, वास जावा म्हणून. मूर्खपणा. पिंपात ना खिळा असतो ना गोंद. लाकडाच्या पट्ट्या ओल्या असतात, फुगलेल्या असतात, म्हणून एकमेकींना धरून राहतात आणि लोखंडी कडी त्यांना आवळून ठेवते. वाळल्यावर पट्ट्या आकसल्या, कडी खाली घसरली आणि एका दुपारी अख्खं पिंप फुलासारखं उमललं. जमिनीवर तीसेक पट्ट्या आणि सहा कड्या. त्याचं पुढे बाटल्या ठेवायचं कोडं केलं, ते वेगळं. आणायचं असेल तर आधी प्रत्येक पट्टीला कडीतून छोटा स्क्रू मारा, मग काय ते कापा.

अवांतर: वाइनची बुचाची बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहायला. व्हिस्की उभी. आडवी ठेवलीत तर एवढं तीव्र अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. आणि काहीही ठेवलंत तरी खिडकीच्या उन्हात नको. दिवे लावून मागून उजळलेली बाटल्यांची रांग सुंदर दिसते हे मान्य, म्हणून एलईडी लावा, ते फारसे तापत नाहीत.

मोजूनमापून

निद्रानाश, 'बाटल्यांची रांग' म्हणालात म्हणून. भरलेली ७५० मिलीची बाटली सव्वा किलोच्या आसपास, जाड काचेची असेल तर दीडपर्यंत. चोवीस बाटल्या म्हणजे तीस किलोंच्या पुढे. पाऊण इंची फळीला अडीच फुटांपेक्षा लांब मोकळी ठेवू नका, मध्ये आधार द्या. आणि भिंतीत नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू मारणारे मी पाहिलेत. एक रात्र टिकतं.

पाचर, अजून एक. पुढचं दार आणि बाहेर काढलेला ओटा, सगळं वजन पुढे. दोन माणसं कोपर टेकून रेलली तर बार त्यांच्या अंगावर येईल. मागच्या बाजूला जमिनीला लोखंडी कोन (अँगल) मारून पक्कं करा.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. एक बाळबोध शंका. हे सगळं करून शेवटी 'जुनं दिसणं' हा देखावाच नाही का? नवीन फळ्या साखळीने ठोकून, खिळ्यांनी भोकं पाडून जुन्या करतात असंही पाहिलं आहे. मग फरक काय?

अबोली_२

फरक हातालाच कळतो. साखळीचे घाव सगळीकडे सारखे पडतात. खरी झीज जिथे हात, पाय, कडी लागते तिथेच पडते. उंबरठा मध्येच खोल होतो, कडेला होत नाही.

प्रयोगवही

पण थोडी लबाडी करावीच लागते हो. जुनी फळी कापली की कापलेली कड पांढरीफेक दिसते, पाटीवर लिहिल्यासारखं कळतं की आज कापली. त्यावर उपाय: व्हिनेगरमध्ये स्टील वूलचा बोळा दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचा, झाकण सैल ठेवून, कारण त्यातून वायू सुटतो. ते पाणी ब्रशने कडेला लावलं की बघता बघता लाकूड राखाडी-काळं होतं. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होते. भुशाचा_ढीग यांनी सांगितलेला खिळ्याभोवतीचा काळा डाग तोच. पाइनमध्ये टॅनिन कमी असतं, तिथे आधी कडक काळ्या चहाचा हात मारायचा, वाळू द्यायचा, मग हे. आधी तुकड्यावर करून बघा, नाहीतर अख्खा बार शाळेच्या फळ्यासारखा होईल.

वाचनमात्र

उंबरठ्याचं पटलं. धन्यवाद. परत वाचनमात्र होते.

कोरडाठाक

चहासुद्धा लाकडालाच पाजताय. माणसांसाठी काही ठेवाल का?

पाचर

किती लिहिलंत सगळ्यांनी! पीयू की तेल हा वाद वाचून मी दोघांनाही मान्य होईल असं केलं. वाशाचा उरलेला तुकडा घेतला, पेन्सिलीने चार चौकोन पाडले. लाख, नुसतं मेण, तेल, मॅट पीयू. लाकूड थिनरने पुसून, प्रत्येकी तीन हात. पीयूचा डबा म्हणाला सात दिवस वाट बघ, म्हणून सगळ्यांनाच सात दिवस दिले. मग प्रत्येक चौकोनावर ग्लास, ग्लासखाली अर्धा चमचा व्हिस्की, आणि रात्रभर झोप.

सकाळी:
लाख: ग्लास चिकटला. काका, तुमच्या बावीस थरांची आठवण काढली. खाली पांढरा चिकट चट्टा.
मेण: पांढरं वर्तुळ, मेण गेलेलं, लाकूड उघडं.
तेल: वर्तुळ आहे पण फिकं. तिरकं धरलं तर दिसतं. एक_सूत यांनी सांगितल्याप्रमाणे घासून परत तेल फिरवलं, ऐंशी टक्के गेलं.
पीयू: काही नाही. बोटाने पुसलं, संपलं.

निकाल: ओट्याला पीयू. पुढच्या दाराला तेल, तिथे कोणी ग्लास ठेवणार नाही आणि हात लावावासा वाटला पाहिजे. तेलाचे बोळे पाण्याच्या डब्यात आहेत, प्रयोगवही.

चुंबकाने दारातून एकोणीस खिळे निघाले. विसावा रंध्याने शोधला.

एक_सूत

दाराला तेल. म्हणजे मी हरलो नाही.

भुशाचा_ढीग

ओट्याला पीयू. म्हणजे मी जिंकलो. पात्याबद्दल वाईट वाटलं.

तिरपागडा

फोटो!!!

पाचर

धागा वर काढतो. बार उभा आहे.

झालं ते असं. ओटा तीन वासे चिरून केला, वीस इंच खोल. मागची भोकं लांबट ठेवली, आणि खरंच, मधल्या ओलसर दिवसांत ओटा मागे एक सूत सरकलेला मोजला. चीर नाही. सात फुटांत तीन स्टुलं निवांत बसतात. चौथं ठेवून पाहिलं, कोपराला कोपर लागतं, परत काढलं. पॅलेटच्या फळ्यांतल्या पाच 'एचटी' निघाल्या, त्यांची बाटल्यांची मांडणी केली. बाकीच्यांवर छापच नव्हता, त्या फेकल्या. मागे जमिनीला दोन कोन मारलेत, तरी पहिल्या दिवशी मी स्वतः रेलून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

चुकलं काय तर पायाची नळी. काळी लोखंडी नळी आणली, ती कारखान्यातून तेल लावून येते हे माहीत नव्हतं. पहिल्या पाहुण्याचे पांढरे मोजे काळे झाले. आता थिनरने पुसून वर लॅकर मारलाय. शिवाय दोनच आधार दिलेत, मध्ये झोळ येतो, तिसरा द्यायचा आहे.

घरून आलेला अभिप्राय: 'दुकान वाटत नाही. भंगाराचं म्हणाल तर बघू.'

अबोली_२

ओरखडा?

पाचर

पुढेच आहे, डावीकडच्या स्टुलाच्या समोर. दाराची मागची बाजू पुढे घेतली आणि कडीही तशीच ठेवली. त्या जागी जो बसतो तो बोलता बोलता कडी फिरवत राहतो. पहिल्या आठवड्यात मी 'अहो, राहू द्या' म्हणत होतो, आता सोडून दिलं.

कोरडाठाक

ती जागा माझी. लिंबू-सोडा, बर्फ कमी.